थिया लॉरिमरची पाठ

ओपल स्वेन्सनला पंधरा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते, आणि एवढ्या आयुष्यात ती तीन वेळा मेली होती. एकदा घोड्यावरून पडून, एकदा तापाने, एकदा बर्फात हरवून. तिन्ही वेळा नायिकेची धाकटी बहीण म्हणून, आणि तिन्ही वेळा ऐन मरायच्या क्षणी कॅमेरा नायिकेच्या अश्रूंवर. ओपलचे नुसते पाय दिसले. नेब्रास्काहून वडिलांचं पत्र आलं होतं : ‘सगळं गाव थिएटरात गेलं होतं. तुझे पाय फार छान मेले.’

ते पत्र वाचून ती एरवी खो खो हसायची. या आठवड्यात मात्र तिला हसू येईना. कारण शुक्रवार जवळ येत होता.

सिल्व्हरगेट स्टुडिओशी तिचा करार म्हणायला सात वर्षांचा होता, पण त्यात मेख होती. दर सहा महिन्यांनी स्टुडिओने ठरवायचं, हिला ठेवायची की घरी पाठवायची. हॉलिवूडमध्ये सगळ्यांचे करार असेच. मोठमोठ्या नट्यासुद्धा सहा महिने झाले की नखं खात बसतात. ओपलचे पहिले सहा महिने या शुक्रवारी संपत होते. गुरुवारी संध्याकाळी वरची मंडळी सिगार ओढत तोवरचं चित्रीकरण बघणार आणि शुक्रवारी सकाळी निकाल. आणि त्या सगळ्या फिल्ममध्ये ओपलचा चेहरा नीट दिसेल असा एकच शॉट होता, तो आज बुधवारी, स्वयंपाकघराच्या सेटवर घ्यायचा होता. रात्री ते स्वयंपाकघर मोडून तिथे तुरुंग उभा राहणार होता. म्हणजे आज, नाहीतर नाहीच.

घरी तिला कुणी छळत होतं अशातला भाग नाही. वडिलांचं कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान होतं आणि माणसं प्रेमळ होती. पण तिथे जन्मभर तिला जो तो ‘ओपल, हळू बोल’, ‘ओपल, एवढ्याने काय हसतेस’ म्हणत आला होता. इथे पहिल्याच दिवशी आवाज घेणारा माणूस कानावरची यंत्रं काढून म्हणाला, “पोरी, तुझ्यासाठी मला काही करावंच लागत नाही. बोलत राहा.” त्या दिवसापासून ओपल ताठ चालायला लागली. आपल्याला एक गोष्ट येते, आणि ती इथेच कुणाला तरी हवी आहे, हे एकदा कळल्यावर परत हळू बोलायला कोण जाईल?

आता चालू असलेल्या चित्रपटात ती मुलगी झाली होती, घर सोडून शहराला निघालेली. आणि आईच्या भूमिकेत होती थिया लॉरिमर!

थिया लॉरिमरने कुणाची आई होणं हेच एक आश्चर्य होतं. बारा वर्षं ती पडद्यावर साटिनचे झगे घालून जिने उतरत आली होती, आणि ती खालच्या पायरीवर पोचेपर्यंत निदान एका तरी पुरुषाच्या हातातला पेला खाली पडायचा. स्टुडिओच्या कागदांवर तिचं वय चौतीस होतं. गेली चार वर्षं चौतीसच होतं आणि कुणी हिशेब मागत नव्हतं. आता तिला कमरेला एप्रन आणि कोपरापर्यंत पीठ लावून चुलीपाशी उभी केली होती, आणि कँटीनमध्ये प्रत्येक टेबलावर एकच कुजबुज चालली होती : संपली बिचारी.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एकाचा क्लोजअप चालू असतो तेव्हा समोरच्या नटाने कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे ज्याचा चेहरा टिपतात त्याला बोलायला खरं माणूस मिळतं, अशी रीत आहे. तसा नियम नाही, नुसतं सौजन्य. थिया लॉरिमरने ते कधी कुणाला दाखवलं नव्हतं. आपला क्लोजअप झाला की ती कोट चढवून निघून जायची, आणि मागे राहिलेल्या बिचाऱ्या नटाला तिची प्रेमाची वाक्यं रूबी वाचून दाखवायची. रूबी म्हणजे सेटवर वही घेऊन बसणारी, कुणाच्या कोणत्या हातात काय होतं याची नोंद ठेवणारी बाई. कामात चोख होती, पण ‘तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही’ हे ती ‘दोन डझन अंडी आणि एक साबण’ म्हटल्यासारखं वाचायची.

दुपारी दीड वाजता हॅगर्टी बाईंनी गळ्यातलं घड्याळ उचलून बघितलं.

“ऐंशी मिनिटं उरली आहेत, ओपल.”

हॅगर्टी बाई स्टुडिओतल्या शाळेच्या शिक्षिका. कायद्याने शाळकरी मुलांनी दिवसाला चारच तास काम करायचं, आणि त्या चार तासांची राखण बाईंकडे. स्टुडिओचे मालक बँकेला भीत नसत, पण हॅगर्टी बाईंना भीत. एकदा बाईंनी भर वादळात बुडणाऱ्या जहाजावरून दोन मुलांना “चला, भूगोल” म्हणत खाली उतरवून नेलं होतं, आणि जहाज दुसऱ्या दिवशी परत बुडवावं लागलं होतं. सेटच्या कोपऱ्यात कनाती लावून त्यांनी एक टेबल आणि फळा मांडला होता. त्या कनातीत बसलं की कामाचं घड्याळ बंद. बाहेर पाऊल टाकलं की चालू, मग तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभे राहा नाहीतर कॅमेऱ्याशेजारी.

दिग्दर्शक डॅनफर्थ पेन्सिल चावत आले. “हे बघ, ओपल. आधी थियाचा क्लोजअप. तिला वाक्यं रूबी देईल. तू इथे बस आणि मिनिटं जपून ठेव. मग तुला तिथे उभी करून चाळीस मिनिटांत दिवे फिरवतो, मग तुझा क्लोजअप. दोन्हीला मिळून तुझ्या हातात अख्खी ऐंशी मिनिटं. कळलं?”

“कळलं, सर!”

“एवढ्याने ओरडू नकोस, मी इथेच आहे.”

ओपल कनातीत बसली आणि बीजगणिताची वही उघडली. पलीकडे घंटा वाजली, दिवे लागले, आणि थिया लॉरिमरचा तो जरासा घोगरा आवाज आला.

“तिकीट घेतलंस?”

“घेतलं,” रूबी म्हणाली.

“रुमाल?”

“घेतला. आई एकदा माझ्याकडे बघ ना.”

“मग जा. आणि फाटकापाशी वळून बघू नकोस. मला हात हलवायला वेळ नाही, रस्सा करपेल.”

“कट!”

सकाळी हाच प्रसंग दोघींनी लांबून टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर केला होता. ‘रस्सा करपेल’ म्हणताना थियाने ओपलचं मनगट धरलं होतं, आणि तो हात इतका गार होता की ओपल दचकली होती. एवढ्या मोठ्या बाईचा हात भीतीने गार पडतो हे तिला माहीतच नव्हतं. तेव्हा तो प्रसंग असा रंगला होता की वर मचाणावरचे दिवेवालेही खाकरले. आता त्याच वाक्यांत काही जीव नव्हता.

“परत घेऊ या, थिया.”

परत घेतलं. मग परत. पाचव्या वेळी आवाज जरा जास्तच कापरा निघाला, सातव्या वेळी जास्तच कोरडा. नवव्या वेळी थिया मध्येच थांबली. “माफ करा,” ती म्हणाली. कनातीपलीकडे कुणीतरी हळूच म्हणालं, “हिने माफी मागितली? मी कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.” कुणीतरी फिसकन हसलं.

ओपलने कनात बोटाने जराशी बाजूला केली. दिव्यांच्या झोतात थिया लॉरिमर एकटी उभी होती. कॅमेऱ्याच्या कडेला चिकटपट्टीची एक छोटी फुली लावली होती आणि ती त्या फुलीकडे बघून बोलत होती. पोटच्या मुलीला निरोप देत होती, एका चिकटपट्टीला. हाक मारून ‘पोरीला बोलवा’ म्हणाली असती तर संपलं असतं. पण जी बारा वर्षांत कुणासाठी एक मिनिट थांबली नाही, तिने आता कोणत्या तोंडाने मागायचं?

“एकदा माझ्याकडे बघ ना,” रूबी म्हणाली. दोन डझन अंडी.

“एक्स बरोबर किती, ओपल?” हॅगर्टी बाईंनी विचारलं.

“बाई, मी बाहेर जाऊ?”

“तुझी ऐंशी मिनिटं आहेत. गेलीस की घड्याळ सुरू. मी कुणासाठी थांबवत नाही.”

“माहीत आहे.”

“आणि शुक्रवारचंही तुला माहीत आहे.”

माहीत होतं. शुक्रवारशिवाय तिला गेले आठ दिवस दुसरं काही माहीतच नव्हतं. “ती फुलीशी बोलतेय, बाई,” ती म्हणाली.

बाईंनी गळ्यातलं घड्याळ उचललं. मग त्यांनी वहीत वेळ लिहिली. “दोन वाजून पाच मिनिटं. जा.”

ओपल इतक्या घाईत गेली की कॅमेऱ्याच्या भलत्याच बाजूला जाऊन उभी राहिली. “मी देते वाक्यं,” ती रूबीला म्हणाली. डॅनफर्थ काहीतरी बोलणार होते, पण थियाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प बसले. घंटा वाजली, थिया ओपलकडे वळून बोलायला लागली, आणि कॅमेरामन मिक्लोश किंचाळला.

“थांबवा! ए मुली, डावीकडे! माझ्या डावीकडे! तू तिकडे उभी राहिलीस तर पडद्यावर आई आणि मुलगी दोघी एकाच दिशेला बघताना दिसतील. आगगाडी चुकल्यासारख्या!”

“सॉरी!”

“सहा महिने झाले हिला इथे,” मिक्लोश आढ्याकडे बघून म्हणाला. “सहा महिने!”

“ओरडू नका तिच्यावर,” थिया म्हणाली. “ए नेब्रास्का, इकडे ये. अजून जवळ. कॅमेऱ्याला खेटून. हं.”

यात चार मिनिटं गेली. मग एक दिवा फुरफुरायला लागला आणि तो बदलण्यात बारा. मग फिल्म संपली. मग थियाच्या कपाळावरचं पीठ घामाने ओघळलं आणि मेकअपवाली धावली. क्लोजअप म्हणजे पडद्यावर अर्धं मिनिट, पण त्याच्यासाठी आजूबाजूला केवढी वरात! ओपलच्या पाठीमागे कुठेतरी ते घड्याळ टिकटिकत होतं, आणि तिने मुद्दाम वळून बघितलं नाही. ती थियाच्या डोळ्यांत बघत राहिली आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, “आई, एकदा माझ्याकडे बघ ना” असं म्हणाली की जणू पहिल्यांदाच म्हणते आहे.

सतराव्या खेपेला ते आलं. थियाने ‘रस्सा करपेल’ म्हटलं आणि ओठ मिटले, एवढंच. पण तो चेहरा बघून रूबीने वही छातीशी धरली. डॅनफर्थ ‘कट’ म्हणायला विसरले. मिक्लोशनेच यंत्र बंद केलं आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

“हे घेतलं,” डॅनफर्थ शेवटी म्हणाले. “थिया, हे... बास. हे घेतलं.”

सगळा सेट एकदम श्वास सोडून बोलायला लागला. आणि त्या गलक्यात कनातीपाशी उभ्या असलेल्या हॅगर्टी बाईंचा आवाज आला, अजिबात न चढवलेला.

“ओपल स्वेन्सनची नऊ मिनिटं राहिली आहेत.”

गलका थांबला.

“नऊ?” डॅनफर्थ म्हणाले. “तिला उभी करून दिवे फिरवायलाच चाळीस लागतात.”

“मला दिव्यांतलं कळत नाही. घड्याळातलं कळतं.”

डॅनफर्थनी पेन्सिल तोंडातून काढली आणि ओपलसमोर जरा वाकून उभे राहिले. मोठी माणसं वाकली की समजावं. “पोरी, असं करू. तुझी वाक्यं मी थियाच्या चेहऱ्यावरच ऐकवीन. सकाळच्या शॉटमध्ये तुझी मान मागून छान आली आहे.”

आधी पाय आणि आता मान. ओपलला एकदम हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू यायला लागलं, म्हणून तिने जोरजोरात मान हलवली. “चालेल, सर! काही हरकत नाही, सर!”

थियाची मदतनीस नेहमीप्रमाणे कोट उघडून उभी होती. थियाने एक हात बाहीत घातलाही होता. तशीच ती वळली.

“मुलीचा क्लोजअप किती वाजता आहे?”

डॅनफर्थ परत पेन्सिल चावायला लागले.

“मी विचारलं काहीतरी.”

“नाहीये, मिस लॉरिमर,” ओपल म्हणाली. “माझी वेळ संपत आली.”

“कशात संपली?”

ओपलने कॅमेऱ्याशेजारच्या आपल्या जागेकडे बघितलं. हॅगर्टी बाईंनी वही मिटली. थिया लॉरिमरने त्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिचा एक हात बाहीत आणि एक बाहेर, कपाळाला पीठ. तिने हात बाहीतून परत बाहेर काढला.

“माझे दिवे पेटलेलेच आहेत ना?”

“आहेत,” मिक्लोश म्हणाला.

“मग तिला माझ्या जागी उभी करा. मी तिच्या जागी जाते.”

“अहो, तो उजेड मी तुमच्या चेहऱ्यासाठी बांधलाय! तुमची गालफडं वेगळी, हिचं तोंड म्हणजे वाटोळं ताट...”

“वरचा दिवा वीतभर खाली घे. पायाखाली लाकडी पाट दे तिला. आणि,” थिया जराशी थांबली, “भिंगावरचं रेशीम काढ.”

वर मचाणावरचे दिवेवाले वाकून बघायला लागले. थियाच्या क्लोजअपला भिंगावर पातळ रेशमी मोजा ताणून बसवतात, त्याने बारीक सुरकुत्या धुक्यात जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेली पाच वर्षं कुणी तिच्यादेखत तो शब्द उच्चारला नव्हता.

“पंधरा वर्षांची आहे ती,” थिया म्हणाली. “तिला काय झाकायचंय?”

मिक्लोश रेशीम सोडवायला लागला.

“आठ मिनिटं,” हॅगर्टी बाई म्हणाल्या.

“पण थिया, चूल!” डॅनफर्थ डोकं धरून म्हणाले. “तुझ्या मागे चूल आहे. तिच्याही मागे चूल दिसली तर लोक विचारतील, या घरात चुली किती? दोघी समोरासमोर उभ्या आहेत हे वाटणारच नाही.”

“तर मग ती चालत येईल चुलीपाशी. मी म्हणते, ‘जायच्या आधी एकदा ढवळून दे.’ ती येते, ढवळते, वळते. मी तोवर दाराकडे गेले. आता मी दारात आणि ती चुलीपाशी. झालं?”

डॅनफर्थ दाराकडे बघत राहिले, मग चुलीकडे. “आई दारात आणि मुलगी चुलीपाशी,” ते हळूच म्हणाले. “लेखक माझा गळा दाबतील.”

“दाबू देत.”

“आणि तुझी पाठ येईल, थिया. पुढे तुझा खांदा आणि केस, बाकी सगळी फ्रेम हिची. तुझ्या करारात स्पष्ट लिहिलंय की...”

“करारात माझ्या चेहऱ्याबद्दल लिहिलंय. पाठीबद्दल कुणाला सुचलंच नव्हतं. बोलत काय बसलात, हलवा ना!”

आणि सगळे हलले. पाट आला. ओपलच्या हातात पळी आली. मेकअपवालीने तिच्या नाकावर पावडरचा एकच फटकारा मारला आणि म्हणाली, “रडशील तेव्हा नाक ओढू नकोस, माइकमध्ये रेड्यासारखं ऐकू येतं.” पाच मिनिटं राहिली. एकच खेप होणार होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

ओपल उजेडात उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तिला रडू येत नाहीये. मघाशी, नको तेव्हा, डोळे भरले होते. आता डोळे कोरडे ठक्क. पटकथेत तर लिहिलं होतं : मुलीच्या डोळ्यांतून अश्रू. गुरुवारी सिगारवाली मंडळी अश्रूच मोजणार.

“मिस लॉरिमर,” ती कुजबुजली, “मला येत नाहीये.”

“काय?”

“रडू.”

“मग नको रडूस. कोणी सांगितलंय?”

“पटकथेने.”

“पटकथा कुठे आहे इथे? इथे मी आहे. माझ्याकडे बघ.”

घंटा वाजली. लाल दिवा लागला.

“जायच्या आधी एकदा ढवळून दे,” थिया म्हणाली.

ओपलने ढवळलं. वळली. सगळे दिवे आता ओपलवर होते आणि थिया दाराशी अंधारात, कॅमेऱ्याला पाठमोरी. तिचा चेहरा आख्ख्या हॉलिवूडमध्ये फक्त एका माणसाला दिसत होता.

आणि तो चेहरा ओपलने याआधी कधी बघितलाच नव्हता. पोस्टरवर नाही, पडद्यावर नाही, आज सकाळी नाही. त्यावर उजेड नव्हता, रेशीम नव्हतं. डोळ्यांखाली बारीक रेघांचं जाळं, ओठांवरचा रंग पुसलेला, हनुवटी जराशी थरथरणारी. कुणी बघत नसताना माणूस जसं दिसतं तसा. थिया लॉरिमर रडत होती. तिचं हे रडणं ना पटकथेत होतं ना करारात, आणि ते कुठल्याही फिल्मवर उमटणार नव्हतं. ते सगळंच्या सगळं तिने ओपलसाठी आणलं होतं.

“तिकीट घेतलंस?”

“घेतलं.”

“रुमाल?”

“घेतला.” इथे ओपलने म्हणायचं होतं, एकदा माझ्याकडे बघ ना. पण समोरची बाई तर तिच्याकडेच बघत होती, इतकी की त्यापुढे ते वाक्य खोटं झालं असतं. ओपल हसली. घरी आई रडायला लागली की हसायची तशी, भीत भीत, आईला जरा हसवायला. “रडू नको ना, आई,” ती म्हणाली. “मी दर रविवारी लिहीन. मोठ्या अक्षरात, म्हणजे तुला चष्मा लागणार नाही.”

अंधारात थियाचे खांदे एकदा हलले.

“मग जा,” थिया म्हणाली. “आणि फाटकापाशी वळून बघू नकोस. मला हात हलवायला वेळ नाही. रस्सा...” आणि तिला पुढचं म्हणताच आलं नाही.

ओपलने पळी खाली ठेवली. आपल्याच हाताने विस्तव बारीक केल्यासारखं केलं. “बघ,” ती म्हणाली, “आता नाही करपणार.”

यंत्र फिरत राहिलं. मग डॅनफर्थ अगदी हळूच म्हणाले, “कट.”

हॅगर्टी बाईंनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं, आणि नाक शिंकरलं. “चाळीस सेकंद शिल्लक,” त्या म्हणाल्या. “ओपल, एक्स बरोबर किती ते राहिलंय अजून.”

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ओपल स्टुडिओच्या आवारातून अशी पळत सुटली की दोन रोमन शिपाई आणि एक नन बाजूला झाली. थियाच्या मेकअपच्या खोलीचं दार तिने वाजवलं की ढकललं, तिलाही सांगता आलं नसतं.

“मिस लॉरिमर! मला...”

“सहा महिने,” थिया आरशातून म्हणाली. तिच्या केसांना चिमटे लावले होते. “सकाळी नऊला कळलंय मला. दार लाव, वारा येतोय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“डॅनफर्थने. काल मालकांनी तुला पडद्यावर बघितलं आणि खुर्चीत उठून बसले. म्हणाले, ही मुलगी कुणाची आहे? लगेच शोधा, दुसऱ्या स्टुडिओने उचलायच्या आत करार करून टाका. सगळे गप्प. शेवटी कुणीतरी म्हणालं, साहेब, ती आपलीच आहे. उद्यापर्यंत.”

ओपल एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. थियाही हसली, चिमट्यांमुळे जरा बेतानेच.

“आणि तुमचं?” ओपलने विचारलं. विचारल्यावर तिला वाटलं, विचारायला नको होतं.

“माझंही ठेवलंय. आया करायच्या आता. नाताळपर्यंत तीन आया.” थियाने क्रीमची डबी उघडली आणि परत बंद केली. “पुढच्या चित्रात माझा मुलगा कोण आहे, सांगू? सहा वर्षांपूर्वी ज्याने मला चांदण्यात होडीमध्ये मागणी घातली होती तो.”

“शी!”

“तोही हेच म्हणाला.”

ओपलला खूप काही बोलायचं होतं. आदल्या रात्री तिने ते अंथरुणात पडून नीट जुळवलंही होतं, चांगलं लांबलचक. पण खोलीत त्या पावडरच्या वासात त्यातला एक शब्द आठवेना. “तुमचा चेहरा,” ती म्हणाली, “त्या शॉटमधला. मी कुणाला सांगणार नाही.”

“नकोच सांगूस. विश्वास नाही बसायचा कुणाचा.” थियाने खुर्ची वळवली. “इकडे बस. त्या दिवशी तू दोनदा उजेडातून बाहेर गेलीस. डॅनफर्थला कळलं नाही, मला कळलं. डोळे मीट.”

“का?”

“सहा महिने हवेत ना तुला? मीट.”

ओपलने डोळे मिटले. थियाने आरशाभोवतीचा एक दिवा ओढून जवळ आणला. मग तिची बोटं, आज गार नव्हती, ओपलच्या हनुवटीखाली आली आणि चेहरा हळूहळू वळवू लागली.

“उजेड डोळ्यांनी शोधू नकोस. कातडीने शोध. सगळ्यात गरम कुठे लागतं?”

“गालावर.”

“गालावर नाही, तिथे नुसती नाकाची सावली पडेल. अजून थोडी वर.”

“इथे?”

“अजून.”

“इथे?”

“हं,” थिया लॉरिमर म्हणाली. “आता इथेच राहा.”